क्लिंगॉनचा ड आणि जर्मनचा च

जर्मन मला कामासाठी हवी होती. चाकणच्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीत आहे, त्याची मूळ कंपनी जर्मनीतली. दर आठवड्याला तिथल्या लोकांबरोबर व्हिडिओवर बैठक होते. बैठक इंग्रजीत चालते, पण एखाद्या भागाचं माप बसलं नाही की पलीकडची माणसं आपापसांत जर्मनमध्ये बोलू लागतात, आणि त्या दोन मिनिटांत आपल्या मालाबद्दल काय ठरतंय ते आपल्याला कळत नाही. ते कळावं असं फार वाटायचं. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळे क्लासच्या वेळा जमेनात. कंपनीच्या बसमध्ये मात्र वेळच वेळ. भोसरीपासून चाकणपर्यंतची नाशिक रस्त्यावरची कोंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा फोनवर ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं अ‍ॅप घेतलं आणि कानात इअरफोन घालून बसले.

आधी सांगते, मी आज जी काही जर्मन बोलते ती थेट रस्त्यानं आलेली नाही. मध्ये एस्पेरांतो आहे, क्लिंगॉन आहे, थोडी हाय व्हॅलिरियन आहे. म्हणजे एका डोळ्यांच्या डॉक्टरानं घडवलेली एक भाषा, आणि पडद्यावरच्या पात्रांसाठी भाषाशास्त्रज्ञांनी घडवलेल्या दोन. लोक विचारतात, जर्मन शिकायची होती तर हे कशाला? या तीन भाषा केल्या नसत्या तर जर्मनचं व्याकरण मला मराठीच्या इतकं जवळचं आहे हे दिसलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅपची पद्धत बहुतेकांना माहीत असते. वर इंग्रजी वाक्य, खाली शब्दांचे ठोकळे. ते बोटानं ओळीत लावायचे. लुईस फॉन आन आणि सेव्हेरिन हॅकर यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हे काम सुरू केलं आणि २०१२ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यातले फॉन आन ग्वाटेमालाचे. आपण संकेतस्थळांवर वेडीवाकडी अक्षरं ओळखून ‘मी माणूस आहे’ असं सिद्ध करत होतो ना, ती कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांतही ते होते. रोज थोडं करायला लावणं, आणि काल केलेलं आज वेगळ्या वाक्यात पुन्हा समोर आणणं, ही या पद्धतीची खरी ताकद. ठोकळ्यांबद्दल मात्र एक गोष्ट लवकर लक्षात येते. समोर ठोकळे असले की उत्तर फक्त ओळखायचं असतं, आठवायचं नसतं. म्हणून मी इंग्रजी वाक्य वाचलं की ठोकळ्यांवर तळहात ठेवायचे, जर्मन वाक्य हळू आवाजात पूर्ण बोलायचे आणि मगच हात काढायचे. पुढे ठोकळे बंद करून सगळं टंकायला लागले. वेग निम्म्यावर आला, पण शब्द डोक्यात राहू लागले.

तरी एक अडचण होतीच. मी मनात मराठीत विचार करत होते, त्याचं इंग्रजी करत होते आणि मग इंग्रजीचं जर्मन. दोन उड्या. मधली उडी काढून टाकता येते हे मला एस्पेरांतोनं शिकवलं.

भाषांच्या यादीत खाली हिरवा झेंडा दिसला, त्यावर तारा. एस्पेरांतोचा हा अभ्यासक्रम २०१५ साली स्वयंसेवकांनी तयार केलेला. भाषा घडवणारे लुडविक झामेनहोफ १८५९ साली बियालिस्तोक इथे जन्मले. तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयानं पाहत. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा असावी, असं या मुलाला वाटलं. पुढे वॉर्सात डोळ्यांचे डॉक्टर झाल्यावर त्यांनी १८८७ साली तिचं पहिलं पुस्तक काढलं. व्याकरणाचे नियम सोळा. आपल्याकडे विनोबांनीही ही भाषा शिकून घेतली होती. इतक्या भाषा येणाऱ्या माणसाला आणखी एक शिकावीशी वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही.

एस्पेरांतोत नाम ‘ओ’नं संपतं, विशेषण ‘आ’नं. क्रियापदाला वर्तमानात ‘आस’, भूतकाळात ‘इस’, भविष्यात ‘ओस’. अपवाद नाही. ‘लेर्नि’ म्हणजे शिकणे, जागा दाखवायला ‘एय’ लावला की ‘लेर्नेयो’, शाळा. ‘साना’ निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानुलो’ आजारी माणूस आणि ‘मालसानुलेयो’ इस्पितळ. बसमध्ये पहिल्यांदा हा शब्द तुकड्या-तुकड्यांनी उलगडला तेव्हा शाळेतले उपसर्ग-प्रत्यय आठवले. ते पाठ केले होते परीक्षेसाठी. इथे ते हातात धरून वापरता येत होते, आणि कधीही न ऐकलेला शब्द मी स्वतः बनवला तर तो बरोबर ठरत होता. परभाषेत असा आनंद मला तोवर मिळाला नव्हता.

पण माझ्या कामाची गोष्ट निघाली ती ‘न’. ज्याच्यावर क्रिया होते त्या शब्दाला एस्पेरांतोत शेवटी ‘न’ लागतो. ‘ला हुन्दो वीदास ला कातोन’, कुत्रा मांजराला पाहतो. आता शब्द उलटे ठेवा, ‘ला कातोन वीदास ला हुन्दो’, तरी पाहणारा कुत्राच. इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलल्या की अर्थ उलटतो, म्हणून इंग्रजीतून शिकवताना हे लांबलचक समजावावं लागतं. मराठीला ते समजावायची गरजच नाही. ‘मांजराला कुत्रा पाहतो’ हे आपण सहज म्हणतो, कारण ‘ला’ आपलं काम करून बसलेला असतो. फरक इतकाच, की निर्जीव वस्तूला आपण ‘ला’ लावत नाही. ‘मी पुस्तक वाचते’ म्हणतो, एस्पेरांतो मात्र पुस्तकालाही ‘न’ लावते, ‘लिब्रोन’. तेवढं लक्षात ठेवायचं. त्या दिवशी मी वहीत इंग्रजीचा रकाना खोडला आणि तिथे मराठी लिहिलं. तेव्हापासून तशीच वही चालू आहे.

उच्चारांचंही तसंच. एस्पेरांतोत दोन च आहेत, लिहायला वेगळी अक्षरं. एक चहातला, दुसरा चमच्यातला. इंग्रजी स्पष्टीकरणात त्या दुसऱ्यासाठी दोन व्यंजनं जोडून दाखवतात आणि शिकणारे अडखळतात. मराठी माणसाच्या जिभेवर ते दोन्ही जन्मापासून आहेत, फक्त लिपीत आपण एकच अक्षर वापरतो म्हणून आपल्याला त्याचं भान नसतं. आणि जर्मनमधलं ‘त्सेट’ हे अक्षर, इंग्रजीतलं झेड, म्हणजे हाच चमच्यातला च. ‘त्साइट’, वेळ. ‘त्स्वाय’, दोन. हे एकदा कळल्यावर जर्मनचे निम्मे अवघड वाटणारे शब्द तोंडात बसले.

क्लिंगॉनकडे मी उत्सुकतेपोटी गेले. ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासी योद्ध्यांची ही भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं १९८४ सालच्या चित्रपटासाठी उभी केली, आणि १९८५ साली तिचा शब्दकोश आला. ओक्रँडचा पीएचडीचा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूलनिवासी भाषेवरचा. म्हणजे माणूस खऱ्या भाषांच्या हाडामांसातून आलेला. भाषा मानवी वाटू नये म्हणून त्यानं खऱ्या भाषांतलेच ध्वनी घेतले, पण सहसा एकत्र न आढळणारे. आणि वाक्यरचना अशी निवडली, की कर्म आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. जगातल्या फार थोड्या भाषांत ही रचना आढळते. क्लिंगॉनचा अ‍ॅपवरचा अभ्यासक्रम २०१८चा, पण तिचा अभ्यास करणारी संस्था अमेरिकेत १९९२पासून आहे.

तिथल्या उच्चारांच्या टिपणात एका ‘ड’बद्दल लिहिलेलं असतं की जिभेचं टोक वर टाळूकडे न्या. तो आपला डब्यातला ड. एक ‘स’ असा आहे की जीभ तशीच मागे न्यायची. तो मूर्धन्य ष. शाळेत बाईंनी श आणि ष वेगळे म्हणून घेतले होते, पुढे सगळेच दोन्ही सारखे म्हणू लागले, आणि इतक्या वर्षांनी तो ष माझ्या कामी आला. घशातून येणारे क़, ख़, ग़ गझला ऐकणाऱ्याला ओळखीचे असतात. अवघड गेला तो फक्त ‘त्ल्ह’, जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडून काढायचा. त्याच्यासाठी मी ओक्रँडच्या आवाजातल्या जुन्या ध्वनिफिती शोधून ऐकल्या आणि सकाळी घरात कुणी उठायच्या आत आवाज काढून पाहिले.

‘पुक़ लेग़ याष’. पुक़ म्हणजे मूल, लेग़ म्हणजे पाहणे, याष म्हणजे अधिकारी. अर्थ, अधिकारी मुलाला पाहतो. इथे ‘ला’ नाही, ‘न’ नाही, सगळं काम जागेवर. एस्पेरांतोच्या अगदी उलट टोक. ही दोन टोकं पाठोपाठ पाहिल्यामुळे मला एक गोष्ट कायमची समजली. कोण करतंय आणि कोणावर होतंय हे प्रत्येक भाषेला कुठेतरी सांगावंच लागतं. कुणी शेपटीत सांगतं, कुणी जागेवरून सांगतं. नवी भाषा हातात आली की आधी तेवढं शोधायचं.

क्लिंगॉनमध्ये आणखी एक जागा आहे, क्रियापदाच्या आधी लागणारा प्रत्यय. ‘क़ालेग़’ म्हणजे मी तुला पाहते, ‘चोलेग़’ म्हणजे तू मला पाहतोस, ‘विलेग़’ म्हणजे मी त्याला पाहते. करणारा आणि ज्याच्यावर होतं तो, दोघंही एकाच छोट्या अक्षरगटात. पहिल्यांदा हे विलक्षण वाटतं. मग मला ‘तू आंबा खाल्लास’ आणि ‘तू पोळी खाल्लीस’ ही आपली वाक्यं दिसली. शेवटचा ‘स’ तुझा. त्याच्या आधीचा ‘आ’ आंब्याचा आणि ‘ई’ पोळीची. मराठी क्रियापदही एका वेळी दोघांकडे पाहतं! आयुष्यभर हे रूप बोलत आले, पण त्यात काय काय भरलेलं आहे ते एका परग्रहाच्या भाषेनं दाखवलं. त्या दिवशी बसमधून उतरताना मला मराठीबद्दल जे वाटलं त्याला अभिमान हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

हाय व्हॅलिरियनवर मी फार थांबले नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी ती घडवली, आणि २०१७ सालचा अभ्यासक्रमही त्यांनीच केला. आठ विभक्ती, चार वचनं आणि चार लिंगं, चांद्र, सौर, पार्थिव आणि जलीय. ऐकून धडकी भरते, पण विभक्तींचे तक्ते शाळेत पाठ केलेल्याला ते फारसं परकं नाही. विशेषण नामाच्या आधी येतं, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे मराठी वाक्यावर ते जवळजवळ शब्दाला शब्द बसतं. काही धडे केले, रचना समजली, आणि मी जर्मनकडे परत आले.

या वेळी वहीत मराठीचा रकाना होता. ‘मिअर इस्ट काल्ट’ हे वाक्य इंग्रजीतून शिकताना अपवाद म्हणून पाठ करायला सांगतात, कारण इंग्रजीत थंडी वाजणारा माणूस कर्ता असतो. मराठीत ‘मला थंडी वाजते’. जर्मन ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. ‘दास गेफेल्ट मिअर’, ते मला आवडतं. पुन्हा ‘मला’. आपल्याला अपवाद पाठ करायची गरज नाही, आपण तसंच बोलतो. जर्मनमध्ये ‘की’नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. ‘इश वाइस, दास दास टाइल त्सू लांग इस्ट’, मला माहीत आहे की भाग जास्त लांब आहे. ‘इस्ट’ शेवटी, ‘आहे’ही शेवटी.

लिंगांचं तर विचारूच नका. इंग्रजीतून शिकणाऱ्याला टेबल-खुर्चीला लिंग असतं हेच आधी पचवावं लागतं. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. आपल्याकडे चमचा तो, काटाही तो, सुरी ती. लिंग जुळेल याची खात्री नाही, ते पाठच करावं लागतं, पण ‘चांगला चमचा, चांगली सुरी, चांगलं पुस्तक’ म्हणणाऱ्याला ‘गूटर, गूटं, गूटस’ ही रूपं का बदलतात हे कुणी समजावायला नको.

आणि आकडे. माझ्या कामात आकड्यांशिवाय काही नाही. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतो, मग चाळीस. मराठीतही तसंच, सत्ते-चाळीस. बावीस, पस्तीस, सगळे तसेच. एकोणतीस-एकोणचाळीसची आपली तऱ्हा तेवढी वेगळी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. जर्मनीतही अगदी हीच मागणी करणारी एक संस्था बोखुममध्ये निघालेली आहे, तिचं नावच ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, वीस-एक. माझं मत विचाराल तर एकवीसच राहू दे. जर्मन आकडे ऐकताना मला इंग्रजीत शिरावं लागत नाही ते त्या एकवीसमुळे. एका बैठकीत पलीकडून ‘त्सू लांग’ आणि पाठोपाठ आकडा ऐकू आला, आणि कुणी इंग्रजीत सांगायच्या आधी मी आमच्या तक्त्यातली ती ओळ उघडली होती.

अ‍ॅप एवढ्यापर्यंत आणतं. पुढे जायला दोन गोष्टी लागल्या. एक, रोज ऐकणं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेवर मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट मिळतात. सुरुवातीला त्यातली फक्त देशांची आणि माणसांची नावं कळतात, तरी ऐकत राहावं. दुसरी, स्वतःची कार्डं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्या विसरण्याच्या आधी नेमकी उजळणी करून देणारं आंकी हे अ‍ॅप २००६पासून आहे आणि त्यात आपली कार्डं आपल्याला बनवता येतात. माझ्या कार्डावर एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला जर्मन. एकटा शब्द कधीच नाही, नेहमी वाक्य, आणि शक्यतो मी खरंच बोलेन असं.

मग पुण्यात बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत ए-१ची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. शंभरातले साठ गुण मिळाले की उत्तीर्ण. लिहिण्यात एक अर्ज भरायचा आणि छोटासा निरोप लिहायचा. बोलणं इतर उमेदवारांबरोबर एकत्र होतं. आधी स्वतःची ओळख, मग चिठ्ठीवरच्या शब्दावरून प्रश्न विचारायचा, समोरच्यानं उत्तर द्यायचं, शेवटी एखादी विनंती करायची. ओळख करून देताना नावाची अक्षरं जर्मन पद्धतीनं सांगायला लावतात, आणि एखादा आकडाही. ‘योट’ म्हणजे इंग्रजीतलं जे. ‘फाउ’ म्हणजे व्ही. ‘वे’ म्हणजे डब्ल्यू. जोशी, यादव, वाघ अशी आडनावं असतील तर हे आधीच पक्कं करून जावं. मला बोलण्याच्या भागाची भीती वाटली नाही, कारण ठोकळ्यांवर हात ठेवून बसमध्ये मी इतके दिवस तेच करत होते. निकाल चांगला लागला.

आता आमच्या कारखान्यातली आयटीआयची शिकाऊ मुलंमुली जर्मनच्या वर्गांना जाऊ लागली आहेत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ही ओढ वाढली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी कच्चं आहे आणि त्यामुळे अ‍ॅप उघडल्या उघडल्या ती घाबरतात. इंग्रजी येत नाही म्हणजे जर्मन येणार नाही, असं त्यांना वाटतं. ते खरं नाही, हे मला त्यांना दाखवायचं आहे. म्हणून माझी आंकीतली कार्डं मी त्यांच्यासाठी नीट लावून देते आहे. ‘मला-तुला-त्याला’चा संच झाला, आकड्यांचा झाला, ‘चांगला-चांगली-चांगलं’चा झाला. सध्या तुटणाऱ्या क्रियापदांचा चालू आहे. ‘त्सूमाखन’ म्हणजे बंद करणे, आज्ञा करताना त्याचा ‘त्सू’ सुटून शेवटी जातो, ‘माख दी ट्युअर त्सू’. मराठीतही ‘बंद’ आणि ‘करणे’ हे दोन सुटे तुकडेच आहेत, ‘दार बंद कर’. या संचातली वाक्यं मुलांनीच सुचवायची असं ठरलं आहे, आणि पहिली आली आहेत ती मशीन चालू करण्याची, दिवा बंद करण्याची आणि सकाळी लवकर उठण्याची.